अस्वल आडनावाचा धनुर्धर

५ ऑगस्ट २०२३. बर्लिन. साताऱ्याची १७ वर्षांची अदिती स्वामी तिरंदाजीत जगज्जेती झाली आणि त्याच दिवशी नागपूरच्या ओजस देवतळेनं फायनलमध्ये १५० पैकी १५० गुण मारून पुरुषांचं सोनं आणलं. दोघांचे फोटो आपण सगळ्यांनी शेअर केले. त्या फोटोत एक गोष्ट नीट बघा. त्यांच्या हातातलं धनुष्य रामाच्या किंवा अर्जुनाच्या चित्रातल्यासारखं अजिबात दिसत नाही. दोन टोकांना चाकं, मधून आडव्यातिडव्या केबल्स, वर भिंग, पुढे लांबलचक दांडी. यालाच कंपाउंड बो म्हणतात. २०२८ च्या लॉस एंजलिस ऑलिम्पिकमध्ये कंपाउंडचा मिश्र सांघिक प्रकार पहिल्यांदाच येतोय, त्यामुळे येत्या काळात हे नाव तुमच्या कानावर बरंच पडणार आहे.

पण हे धनुष्य जन्माला आलं ते मैदानासाठी नाही. ते आलं अमेरिकेतल्या जंगलात, हरणाच्या मागे फिरून फिरून रिकाम्या हातानं घरी येणाऱ्या साध्या लोकांच्या गरजेतून. आणि तिथल्या सामान्य माणसाच्या खिशाला परवडेल असं शिकारीचं धनुष्य कारखान्यात बनवून घराघरात पोहोचवण्याचं श्रेय ज्याला सगळ्यात जास्त दिलं जातं, तो माणूस म्हणजे फ्रेड बेअर. आडनावाचा अर्थ चक्क अस्वल! आजचं त्याच्यावर.

पिक्चर बघितला आणि...

फ्रेडचा जन्म ५ मार्च १९०२ चा, अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यातला. घर साधंच. वडिलांना शिकारीचा नाद, त्यामुळे बंदूक आणि जंगल लहानपणापासून ओळखीचं. विशीच्या सुरुवातीला पोरगा घर सोडून डेट्रॉइटला आला. त्या काळचं डेट्रॉइट म्हणजे आपल्याकडचं पिंपरी-चिंचवड समजा, फक्त कितीतरी पट मोठं. मोटारींचे कारखाने धडधडत होते, हाताला काम होतं. फ्रेडला पॅकार्ड या मोटार कंपनीत पॅटर्नमेकरचं काम मिळालं. म्हणजे ओतकामासाठी लागणारे लाकडी नमुने बनवायचे. लाकडाचा पोत ओळखणं, मापात काम करणं, सूतभरही चूक न होऊ देणं, हे सगळं तो इथं शिकला. पुढे आयुष्यभर हेच उपयोगी पडलं.

मग १९२७ च्या सुमारास त्यानं एक मूकपट पाहिला. ‘अलास्कन अॅडव्हेंचर्स’ नावाचा. आर्ट यंग नावाचा एक माणूस अलास्काच्या बर्फाळ रानात फक्त धनुष्यबाण घेऊन फिरतो आणि मोठमोठ्या जनावरांची शिकार करतो, असं त्यात होतं. फ्रेडचं डोकं फिरलं. शिकार त्याला माहीत होती, पण हे काहीतरी वेगळंच होतं. बंदुकीनं दोनशे-तीनशे मीटरवरून गोळी घालता येते. धनुष्य घेतलं की जनावराच्या वीस-पंचवीस मीटर जवळ जावं लागतं. वारा कुठून वाहतोय, पायाखालचं पान वाजलं का, याचा हिशेब आला.

या आर्ट यंगची स्वतःची गोष्टही ऐकण्यासारखी आहे. १९११ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ओरोव्हिल गावाजवळ एक भुकेला माणूस रानातून बाहेर आला. याही जमातीतला, आपल्या माणसांतला एकटाच उरलेला. त्याला इशी म्हणू लागले. सॅन फ्रान्सिस्कोच्या संग्रहालयात तो राहू लागला आणि त्याच्यावर उपचार करणारे डॉक्टर सॅक्स्टन पोप त्याचे दोस्त झाले. इशीनं त्यांना धनुष्य कसं घडवायचं, बाण कसा सोडायचा हे शिकवलं. १९१६ मध्ये इशी गेला. पोप यांनी ती विद्या पुढे नेली, त्यांचा शिकारीतला जोडीदार होता आर्ट यंग. म्हणजे बघा, ज्यांची जमात गोऱ्यांनी संपवली त्यांच्यातल्या शेवटच्या माणसाकडून आलेलं कसब एका डॉक्टरमार्फत यंगकडे आलं आणि यंगकडून डेट्रॉइटच्या एका कारखान्यातल्या पोराकडे. कारण फ्रेड नुसता पिक्चर बघून थांबला नाही. त्याची यंगशी गाठ पडली, मैत्री झाली आणि धनुष्य बनवायचे धडे त्यानं थेट त्याच्याकडून घेतले.

सहा वर्षं, एकही हरीण नाही

आता तुम्हाला वाटेल, इथून हिरोची एंट्री. तर नाही. फ्रेडनं १९२९ च्या आसपास धनुष्य घेऊन शिकारीला जायला सुरुवात केली आणि त्याला पहिलं हरीण मिळालं १९३५ मध्ये. सहा वर्षं! दर हंगामात थंडीत कुडकुडत बसायचं, बाण सोडायचा, तो चुकायचा, घरी यायचं.

यामागे विज्ञान आहे. हरणाचे कान भलते तीक्ष्ण. जुन्या पद्धतीच्या धनुष्यातून सुटलेला बाण सेकंदाला साधारण ५५-६० मीटर वेगानं जातो. हरीण २७ मीटरवर असेल तर बाणाला जवळपास अर्धा सेकंद लागतो. दोरीचा टणत्कार मात्र ध्वनीच्या वेगानं, म्हणजे सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आतच, त्याच्या कानावर पडतो. हरीण दचकून उडी मारण्यासाठी खाली दबतं आणि बाण पाठीवरून निघून जातो. हा अर्धा सेकंद लक्षात ठेवा. पुढच्या सगळ्या गोष्टीचं मूळ या अर्ध्या सेकंदात आहे.

आग, मंदी आणि ६०० डॉलर

१९३३ साल. अमेरिकेत महामंदी. तोवर फ्रेड मोटारींच्या टायरची कव्हरं बनवणाऱ्या एका कारखान्यात होता. तो कारखाना आगीत जळाला आणि नोकरी गेली. वय ३१. अशा वेळी कुणी शहाणा माणूस धनुष्याचा धंदा काढेल का? फ्रेडनंही तेवढी घाई केली नाही. चार्ल्स पायपर नावाच्या मित्राबरोबर त्यानं ६०० डॉलर गोळा केले आणि जाहिरातींच्या छपाईचं दुकान टाकलं. क्रायस्लर या मोटार कंपनीसाठी बॅनर, पोस्टर वगैरे स्क्रीन प्रिंटिंगनं छापून द्यायचे. पोटापाण्याचं काम हे. आणि त्याच दुकानाच्या एका कोपऱ्यात, उरलेल्या वेळात, धनुष्य-बाण आणि तिरंदाजाला लागणारं चामड्याचं सामान बनवायचं.

आजच्या भाषेत साइड हसल! दिवसा क्लायंटचं काम, संध्याकाळी आपलं वेड. सहा वर्षं असं चाललं. हळूहळू कोपरा वाढत गेला आणि १९३९ मध्ये फ्रेडनं छपाईचा भाग जोडीदाराकडे सोडून धनुष्याचा धंदा वेगळा केला. ‘बेअर आर्चरी’ स्वतःच्या पायावर उभी राहिली.

पण माल बनवून भागत नव्हतं. घेणार कोण? धनुष्यानं हरीण मारता येतं यावरच लोकांचा विश्वास नव्हता, आणि सरकारी शिकार-नियमांत धनुष्याला वेगळी जागा नव्हती. बंदुकांच्या गर्दीत धनुष्यवाला जाऊन करणार काय? विस्कॉन्सिन राज्यानं १९३४ मध्ये फक्त धनुष्यासाठी शिकारीचा हंगाम दिला. मिशिगनमधले तिरंदाजही मागे लागले आणि १९३७ मध्ये दोन काउंटींपुरता का होईना, हंगाम मिळाला. फ्रेड गावोगावच्या मेळ्यांत, क्रीडा-प्रदर्शनांत जाऊन नेमबाजीचे खेळ करून दाखवायचा. उंच, सडपातळ, शांत बोलणारा माणूस. डोक्यावर पुढे त्याची ओळखच बनलेली बोर्सालिनो हॅट. डावखुऱ्या पद्धतीनं धनुष्य ओढायचा. लोक बघायला यायचे, काही जण ऑर्डर देऊन जायचे.

धनुष्य महाग का होतं?

इथं जरा थांबून लाकडाकडे बघू. चांगलं धनुष्य बनवायचं तर यू किंवा ओसेज ऑरेंज अशा झाडांचं लाकूड लागायचं. तेही गाठी नसलेलं, वर्षानुवर्षं वाळवलेलं. मग कारागीर दिवसचे दिवस घासून घासून दोन्ही बाजू सारख्या वाकतील असं करायचा. एवढं करूनही दमट हवेत ते लिबलिबीत व्हायचं, कडाक्याच्या थंडीत तुटायचं. प्रत्येक धनुष्याचा स्वभाव वेगळा. कारखान्यात कामाला जाणाऱ्या माणसानं असं धनुष्य विकत घ्यायचं, आणि ते पहिल्याच हिवाळ्यात काडकन् मोडायचं, म्हणजे त्याचा तिरंदाजीचा नाद तिथंच संपला.

फ्रेड पॅटर्नमेकर होता. हजार नग एकसारखे निघाले पाहिजेत, हा विचार त्याच्या रक्तात. त्यानं लाकडाच्या पातळ पट्ट्या एकावर एक चिकटवून, वर मजबूत थर देऊन धनुष्य बनवायला सुरुवात केली. १९४७ मध्ये त्यानं कारखाना डेट्रॉइटहून उचलून तीनशे किलोमीटरहून अधिक उत्तरेला, ग्रेलिंग नावाच्या जंगलातल्या छोट्या गावात नेला. ओ सेबल नदीकाठचं गाव. शिकार हाच धंदा असेल तर राहायचं पण रानाजवळच, असा साधा हिशेब.

ग्रेलिंगमध्ये मोठा फटका बसला. १९५० च्या आसपास त्यानं धनुष्याच्या पट्ट्यांमध्ये अॅल्युमिनियमचा पत्रा घालून बघितला. कागदावर आयडिया भारी होती. पण धनुष्य वाकतं, सरळ होतं, पुन्हा वाकतं, हजारो वेळा. चिकटवलेले थर सुटायला लागले, धनुष्यं मोडून परत येऊ लागली. नव्या कारखान्यासाठी ही जीवघेणीच गोष्ट. फ्रेडनं तो प्रयोग गुंडाळला आणि काचतंतूंकडे, म्हणजे फायबरग्लासकडे मोर्चा वळवला. सगळे तंतू एकाच दिशेनं लांबीला धरलेले, आतल्या लाकडाच्या दोन्ही बाजूंना चिकटवलेले. हे जमलं! ना दमट हवेची भीती, ना थंडीची. आणि मुख्य म्हणजे सगळी धनुष्यं एकसारखी, यंत्रावर, पटापट. कोडियाक, ग्रिझली, पोलर... नावं सगळी अस्वलांचीच. अमेरिकेतल्या खेळाच्या दुकानांत सायकलीसारखी धनुष्यं टांगलेली दिसू लागली.

बारीकसारीक गोष्टींत त्याचं डोकं जास्त चालायचं. पाठीवरचा भाता झुडपात अडकतो आणि बाण काढताना हात हलला की जनावर पळतं, म्हणून धनुष्यालाच चिकटणारा भाता त्यानं आणला. १९५६ मध्ये ‘रेझरहेड’ नावाचं पातं काढलं, ज्याची धार बोथट झाली तर आतली छोटी पाती बदलता यायची. जखमी जनावर तडफडत पळून जाऊ नये, ते लगेच पडावं, यासाठी धार हा त्याच्या लेखी सगळ्यात मोठा नियम होता.

ध्रुवीय अस्वल, आणि आपला वाघ

धंदा वाढवायला फ्रेडनं जे केलं ते आजच्या कुठल्याही यूट्यूबरला लाजवेल. आपल्या प्रत्येक मोहिमेवर कॅमेरा नेला. फिल्म बनवल्या, त्या गावोगावी क्लबांत दाखवल्या. पुढे एबीसी वाहिनीच्या ‘द अमेरिकन स्पोर्ट्समन’ या कार्यक्रमातून तो घराघरात पोहोचला. एकेकाळी एक पिक्चर बघून त्याचं आयुष्य बदललं होतं, आता त्याचे पिक्चर बघून हजारो पोरं धनुष्य उचलत होती.

ध्रुवीय अस्वलाची गोष्ट यातली सगळ्यात गाजलेली. १९६० आणि १९६२ मध्ये अलास्काच्या गोठलेल्या समुद्रावर तो गेला. दोन्ही वेळा बाण लागलेलं अस्वल अंगावर आलं आणि सोबतच्या वाटाड्याला बंदूक चालवावी लागली. फ्रेडच्या हिशेबात ही शिकार धनुष्याची नव्हे. म्हणून तो १९६६ मध्ये पुन्हा गेला, वय ६४, आणि यावेळी बंदुकीशिवाय काम झालं.

आणि हो, १९६३ मध्ये तो भारतातही आला होता. वाघासाठी. त्या वेळी आपल्याकडे परदेशी शिकाऱ्यांना परवाने मिळत, शिकारीच्या सहली विकणाऱ्या कंपन्या होत्या. फ्रेडनं इथं धनुष्यानं वाघ मारला.

हे वाक्य लिहितानाही कसंतरी होतं ना? ताडोबात सफारीला जाऊन वाघाच्या नुसत्या पंज्याचा ठसा दिसला तरी आपण स्टेटस टाकतो. त्यामुळे हे झाकून पुढे जाण्यात अर्थ नाही. फ्रेडनं हत्ती मारला, वाघ मारला, ध्रुवीय अस्वलं मारली. सगळं त्या वेळच्या कायद्यात बसणारं होतं, तो चोरटा शिकारी नव्हता. पण कायद्यात बसतं म्हणून सगळंच आज पचतं असं नाही. १९७२ मध्ये भारतात वन्यजीव संरक्षण कायदा आला, १९७३ मध्ये व्याघ्र प्रकल्प सुरू झाला आणि ते सगळं युग बंद झालं. ते बंद झालं हे उत्तमच झालं.

गंमत अशी की त्याच १९७२ मध्ये अमेरिकेनं वेगळाच रस्ता धरला. तिथं १९३७ पासून बंदुका आणि काडतुसांवर एक खास कर होता आणि तो पैसा थेट जंगलं आणि वन्यप्राण्यांसाठी जायचा. १९७२ च्या दुरुस्तीनं धनुष्य-बाणांवरही ११ टक्के कर बसला. म्हणजे फ्रेडच्या कारखान्यातून निघालेल्या धनुष्यांच्या विक्रीतला एक भाग हरणांच्या कुरणांसाठी जाऊ लागला. तिथं लांडगे, पुमा कमी झालेले, हरणांची संख्या भरमसाट वाढलेली, म्हणून परवाने देऊन शिकार हा तिथल्या व्यवस्थेचाच भाग आहे. आपलं जंगल वेगळं, आपला कायदा वेगळा. एकाचं गणित दुसऱ्याला लावता येत नाही, एवढं कळलं तरी पुरे.

मिसुरीतल्या माणसानं करवत घेतली

आता त्या अर्ध्या सेकंदाकडे परत येऊ. मिसुरी राज्यात होलेस विल्बर अॅलन नावाचा एक माणूस होता. तोही हरणांच्या उड्यांनी वैतागलेला. बाण आणखी जोरात गेला पाहिजे, पण त्यासाठी कडक धनुष्य घेतलं तर ते ओढून धरताना हात थरथरतात. मग त्यानं काय केलं? चांगल्या धनुष्याची टोकं कापली आणि तिथं कप्प्या बसवल्या. विहिरीवरचा रहाट आठवा. कप्पीमुळे वेग वाढला. पण खरी जादू पुढे झाली. त्यानं कप्पीच्या मधोमध असलेलं आसाचं भोक मध्यापासून जरा बाजूला सरकवलं.

त्यानं काय होतं? दार उघडताना बिजागरीजवळ ढकलून बघा, जोर लागतो. कडेला ढकला, बोटानं उघडतं. बाजूला सरकलेल्या भोकामुळे चाक फिरेल तसा दोरीला मिळणारा हा दांडा लांब होत जातो. सुरुवातीला ओढायला जड, मध्ये सगळ्यात जड, आणि पूर्ण ओढलं की एकदम हलकं! या हलकं होण्याला लेट-ऑफ म्हणतात. आजच्या ६० पौंडी कंपाउंडमध्ये ८० टक्के लेट-ऑफ असेल तर पूर्ण ओढल्यावर हातावर फक्त १२ पौंड, म्हणजे साडेपाच किलोच्या आसपास, भार राहतो. जुन्या धनुष्यात पूर्ण ६० पौंड, म्हणजे २७ किलो, धरून नेम साधावा लागायचा. फरक कळला?

अॅलननं १९६६ मध्ये पेटंटचा अर्ज केला आणि ३० डिसेंबर १९६९ रोजी पेटंट मिळालं. टॉम जेनिंग्ज नावाच्या धनुष्यकारानं ते पहिल्यांदा बाजारात आणलं. जुन्याजाणत्यांनी नाकं मुरडली. हे काय धनुष्य आहे का, हे तर यंत्र, अशी ओरड झाली. काही ठिकाणी त्यावर बंदीही होती.

फ्रेडपुढचा पेच

आता फ्रेडचं काय? सगळी हयात लाकूड-फायबरग्लासच्या सुंदर वळणदार धनुष्यांत गेलेली. वय सत्तरीला आलेलं. १९६८ मध्येच त्यानं कंपनी व्हिक्टर कॉम्प्टोमीटर या मोठ्या उद्योगाला विकली होती, पण नाव त्याचं, चेहरा त्याचा. त्याला स्वतःला चाकांचं धनुष्य कधी आपलं वाटलं नाही, शेवटपर्यंत त्याच्या हातात रिकर्व्हच राहिलं. तरीही त्याच्या नावाच्या कंपनीनं सत्तरच्या दशकात परवाना घेऊन कंपाउंड बनवायला सुरुवात केली.

याला कुणी तडजोड म्हणेल. पण त्याच्या आयुष्याकडे सुरुवातीपासून बघितलं तर वेगळं दिसतं. नोकरी करणारा, सुट्टीच्या दिवशीच सरावाला वेळ मिळणारा माणूसही धनुष्य घेऊन रानात जाऊ शकला पाहिजे, यासाठीच तर सगळा खटाटोप होता. जुनं धनुष्य नीट साधायला वर्षं लागतात, त्याला स्वतःला सहा लागली. कंपाउंडवर काही महिन्यांच्या सरावात बऱ्यापैकी नेम बसतो, आणि नेम बसला की जनावर जखमी होऊन पळण्याची शक्यता कमी. पुढे त्याच्या कंपनीचं ‘व्हाइटटेल हंटर’ हे साधं, दणकट, खिशाला झेपणारं कंपाउंड अमेरिकेत प्रचंड खपलं. तिथल्या कितीतरी जणांचं ते पहिलं धनुष्य.

पण प्रत्येक गोष्टीची किंमत कुणीतरी देतंच. मालक बदलत गेले, ग्रेलिंगच्या कारखान्यात कामगार आणि व्यवस्थापन यांच्यात बिनसलं, संप झाला आणि १९७८ मध्ये कारखाना थेट देशाच्या दुसऱ्या टोकाला, फ्लोरिडातल्या गेन्सव्हिलला हलला. तीस वर्षं ज्या गावानं धनुष्यं घडवली त्या गावातली कामं गेली. फ्रेडही कंपनीबरोबर फ्लोरिडाला गेला. ज्या बर्फाळ रानासाठी त्यानं शहर सोडलं होतं, ते रान म्हातारपणी सुटलं. स्वतःचं नाव विकल्यावर त्या नावाचं काय करायचं हे आपल्या हातात राहत नाही, हा धडा त्याच्या आयुष्यात आहे, जरी त्याबद्दल फारसं कुणी बोलत नसलं तरी.

तरी तो कारखान्यात येत राहिला. लोक भेटायला यायचे, तो निवांत गप्पा मारायचा. २७ एप्रिल १९८८ रोजी, ८६ व्या वर्षी तो गेला. पुढे टेड न्यूजंट या रॉक गायकानं त्याच्या नावाचं गाणं केलं आणि अमेरिकेत शिकारीचा हंगाम आला की ते अजून वाजतं. त्याच्या संग्रहालयातल्या वस्तू आता मिसुरीतल्या स्प्रिंगफिल्डमध्ये आहेत. अॅलन त्याच्या आधीच, १९७९ मध्ये, गेला होता. त्याच्या पेटंटवरून कंपन्यांशी सुरू झालेले खटले त्याच्या मागे बरीच वर्षं चालले आणि पेटंट टिकलं.

पहिलं धनुष्य घेताना

फ्रेडच्या गोष्टीतून आज काय घ्यायचं? ज्यांना तिरंदाजीत उतरायचंय, त्यांच्यासाठी चार कामाच्या गोष्टी. अमेरिकेत शिकारीसाठी स्वस्त कंपाउंड शोधणाराही याच बघतो आणि आपल्याकडे निशाण्यावर सराव करणाऱ्यालाही याच लागू पडतात.

एक, माप आधी, ब्रँड नंतर. दोन्ही हात आडवे पसरा, एका मधल्या बोटाच्या टोकापासून दुसऱ्यापर्यंत इंचात मोजा आणि अडीचनं भागा. ही तुमची अंदाजे ड्रॉ लेंग्थ, म्हणजे दोरी किती मागे ओढायची ते. १७० सेंटीमीटर म्हणजे ६७ इंच पसार असेल तर साधारण २७ इंच. माप चुकलं की महागातलं महाग धनुष्यही वाकडाच बाण टाकतं. रिकर्व्ह कुणाकडूनही मागून चालवता येतं, कंपाउंडमध्ये हे माप चाकातच ठरलेलं असतं.

दोन, ताकदीचा आव नको. खुर्चीत बसून, धनुष्य समोर सरळ धरून, आकाशाकडे न उचलता ते ओढता आलं पाहिजे. नाही आलं तर ते तुमच्यासाठी जड. अमेरिकेत हरणासाठी साधारण ४० पौंडांचं धनुष्य पुरतं, निशाण्यासाठी त्याहून कमीनंही सुरुवात करता येते. ७० पौंड खांद्याचं नुकसान करायला पुरेसे आहेत.

तीन, वाढणारं धनुष्य घ्या. आता बऱ्याच कंपन्यांची अशी मॉडेल्स येतात ज्यात लांबी आणि ताकद दोन्ही बऱ्याच मोठ्या टप्प्यात बदलता येतात. शाळेत घेतलेलं कॉलेजातही चालतं. सोबत साइट, बाण ठेवायची रेस्ट वगैरे बसवून मिळत असेल तर खर्च बराच वाचतो. वेगाच्या आकड्यांवर भाळू नका. नवख्याला जास्त वेगवान धनुष्य सांभाळायला अवघड जातं, थोडं संथ धनुष्य चुका पोटात घालतं. शिवाय सगळे पैसे धनुष्यावरच उडवू नका, योग्य कडकपणाचे बाण आणि सोडायचा रिलीज यांच्यासाठी बाजूला ठेवा.

चार, जुनं घेत असाल तर दोरी आणि केबलचे धागे सुटलेत का, हातांना म्हणजे लिंब्सना कुठे चीर गेलीय का, चाक डुगडुगतंय का हे जाणकाराला दाखवा. आणि बाण न लावता दोरी कधीच सोडायची नाही. कधीच म्हणजे कधीच! बाणात जायची ती सगळी ऊर्जा धनुष्यातच फुटते.

आपल्याकडे शिकार हा गुन्हा आहे. त्यामुळे आपलं हरीण म्हणजे ५० मीटरवरचा कागदी गोल. पण थंडीत रिकाम्या हातानं परतणाऱ्या फ्रेडला ज्या अर्ध्या सेकंदानं छळलं, तोच अर्धा सेकंद साताऱ्याच्या आणि नागपूरच्या मैदानावरही असतो. श्वास रोखलेला, नेम धरलेला, हात न हलू देण्याचा. तेवढा सांभाळायला फ्रेडला सहा वर्षं लागली होती. तुम्हाला किती लागतील ते बघा.